शेवटच्या टोकाची बाटली

नळानं खाकरल्यासारखं केलं, आणि चार दिवस मिटून पडलेल्या गल्लीत तो आवाज केवढा तरी मोठा वाटला.

आधी नुसती हवा. मग घशात काही अडकावं तशी गुरगुर, मग दोन थेंब. पाणी यायच्या आधी हौदाच्या गल्लीतला प्रत्येक नळ असाच खाकरतो. एरवी त्या आवाजासरशी घराघरांत बादल्या सरकायच्या, कुणाची तरी घागर तोटीला आपटायची, आणि भिंतीपलीकडून क्रांतीची हाक यायची, "आदिती, आलं बघ, ऊठ की." आज एक बादली सरकली नाही. पाणी आलं, मोरीत पडलं आणि तसंच गटाराला लागलं. क्रांतीला जाऊन आज पाचवा दिवस.

आदिती अंथरुणात उठून बसली. शेजारी स्वस्ती पालथी झोपली होती, एक पाय आईच्या मांडीवर टाकून, तोंड उघडं. पुढचे दोन दात नुकतेच पडलेले. त्या खिंडीतून श्वासाची बारीक शिट्टी येत होती. आदितीनं तो पाय हळूच उचलून चादरीवर ठेवला. सहा वर्षांच्या पायाचं वजन असून असून किती असणार. क्रांतीच्या पोटातलं सात महिन्यांचं होतं. त्याचा पाय केवढा झाला असेल, असं मनात आलं आणि ती उठून मोरीकडं गेली.

मोरीत सासूबाई आधीच उभ्या होत्या. नाव पद्मावती, पण हुपरीच्या माहेरापासून सगळे त्यांना आक्काच म्हणत आलेले. पितळी घागरीच्या तोंडावर पांढरं कापड दुहेरी करून बांधलेलं, आणि त्यावर नळाची धार अगदी बारीक सोडलेली. घागर भरली की त्या कापड उलटं करायच्या आणि तांब्याभर गाळलेल्या पाण्यानं ते हलकेच धुवायच्या. कापडावर अडकलेले जीव मरू नयेत, जिथले तिथं परत जावेत, म्हणून. माहेरी आड होता, तेव्हा ते पाणी पोहऱ्यातून आडात सोडायच्या. इथं आड कुठला? नळाखालच्या बादलीत सोडायच्या. "ज्याचा जीव त्याच्या घरात," एवढंच म्हणायच्या. मग घागरीतलं पाणी मोठ्या पातेल्यात उकळायचं आणि निवलं की माठात. या जैन घरात न गाळलेला, न उकळलेला घोट कुणाच्या तोंडात कधी गेला नव्हता. आदितीच्या माहेरीही तेच. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस चालू होते. आक्कांचं जेवण एकदाच, पाणीही तेव्हाच. पण घरासाठीचं पाणी गाळणं काही चुकत नव्हतं.

"आक्का, नळाचं भरू नका म्हणून सांगितलंय. टँकर येतोय आठला."

"सांगू देत की. आपण कुठं नळाचं पितोय? आपण आपलं गाळलेलं, उकळलेलं पितोय." आक्कांनी घागर कमरेवर घेतली. "गल्लीत सतरा जणांस्नी कावीळ झाली. आपल्या घरात एकाचा डोळा पिवळा झालाय काय सांग."

ते खरं होतं. पण ते वाक्य आदितीच्या मनात अडकून राहिलं. का, ते तिला तेव्हा कळलं नाही.

आदितीचं कामच पाण्याचं. पूर्वी शहरातल्या नळांचे नमुने ऑफिसचीच माणसं घ्यायची. दोन वर्षांपूर्वी ते काम ठेक्यानं गेलं. नळाचं पाणी आणि गटाराचं पाणी, दोन्हीच्या बाटल्या भरायच्या, लॅबला पोचवायच्या, रिपोर्ट वर पाठवायचा, सगळं एका एजन्सीकडं. एजन्सीनं बी.एस्सी. झालेल्या सहा जणी घेतल्या, त्यात आदिती. स्वस्ती तेव्हा बालवाडीत जायला लागली होती, आणि नवरा अभिनंदन शिरोलीच्या फौंड्रीत पाळीवर; सकाळचं काम, दुपारी घरी, यापेक्षा चांगलं काय मिळणार होतं? निळ्या झाकणाच्या बाटल्या नळाच्या, लाल झाकणाच्या गटाराच्या. पहिल्या दिवशी लाल झाकणाची बाटली दोरीला बांधून चेंबरमध्ये सोडताना तिला ओकारी आली होती. घरी आल्यावर आक्कांनी तिला बाहेरच अंघोळ करायला लावली आणि मग म्हणाल्या, "कुणीतरी बघायलाच पायजे बाई. घाण कुठं जातीया ते."

नळाची बाटली भरायची एक रीत असते. तोटी दोन मिनिटं मोकळी सोडायची. मग बंद करून, स्पिरिटात भिजवलेल्या कापसाचा जाळ तोटीच्या तोंडाला लावायचा, म्हणजे तोटीवरची घाण मोजली जाणार नाही. मग पुन्हा पाणी सोडायचं, झाकण हातातच धरायचं, बाटली काठोकाठ भरायची नाही, आणि बर्फाच्या पेटीत ठेवायची. आदितीला हे सगळं आवडायचं. स्वयंपाकासारखं होतं ते. एक पायरी चुकली की चव गेली.

पण बाटल्या सोळा, आणि त्यातल्या चार ठिकाणी पाणी पहाटे पाच ते सहा एवढंच सुटायचं. चार ठिकाणं शहराच्या चार टोकांना. तिनं सुपरवायझरला, अमरसिंहला, पहिल्याच महिन्यात हे सांगितलं होतं.

"म्याडम," तो म्हणाला, "पाणी कवा येतंय ते टेंडरात लिवलेलं नसतंय. बाटल्या सोळा, आणि साडेनऊला बॉक्समधी. कशा भरायच्या ते मी इचारत न्हाय, तुम्ही सांगू नका."

बाकीच्या पोरींनी त्यातली खूण ओळखली. एका नळावर बसायचं, सोळा बाटल्या भरायच्या, आणि वर सोळा गल्ल्यांची नावं चिकटवायची. त्या हसत हसत सांगायच्या. आदितीला ते जमेना. एक नळ, एक बाटली, असं तिचं होतं. थोडा गर्वच होता म्हणा त्याचा. स्कूटर दामटून ती तीन ठिकाणं तासाभरात गाठायची. चौथं ठिकाण म्हणजे हौदाची गल्ली, लाइनीचं शेवटचं टोक. आणि तिथला नमुन्याचा नळ म्हणजे तिच्या स्वतःच्याच घराचा. मग घरच्या माणसाला सांगितलं तर काय बिघडलं?

आधी ती चौथंही कसंबसं गाठायची; यंदा मे महिन्यात ते जमेनासं झालं, तेव्हा तिनं आक्कांना मोरीत उभं करून सगळं शिकवलं. आक्कांनी नीट ऐकून घेतलं, फक्त जाळ लावायच्या वेळी मागं सरल्या.

"तोटीला जाळ? आत काय काय बसलेलं असतंय गं."

"त्यासाठीच लावायचा, आक्का."

"बरं," आक्का म्हणाल्या. "तू जा. मी करते नीट. काळजी करू नको."

आणि त्यांनी केलं. दर बुधवारी आणि शनिवारी आदिती पाच वाजता बाहेर पडायची. जायच्या आधी कोरडी बाटली तोटीखाली धरून एजन्सीच्या ॲपसाठी फोटो काढून ठेवायची. साडेआठला परत येऊन स्वस्तीच्या वेण्या घालायची, डबा भरायची, आणि ओट्यावर ठेवलेली बाटली उचलायची. बाहेरून पुसलेली, झाकण घट्ट, लेबल सरळ. इतकी देखणी बाटली पेटीत दुसरी नसायची. फॉर्मवर 'नमुना घेणाऱ्याची सही' या रकान्यात आदिती आपलं नाव लिहायची. फोटो आणि सही, ही तिची दोन लहानशी खोटी कामं. बाकी सगळं खरं आहे या भरवशावर तिनं ती चालवून घेतली.

जुलैत नदी फुगली आणि पाणी गढूळ यायला लागलं. एका सकाळी परसातल्या कमरेएवढ्या भिंतीवर कोपरं टेकून क्रांती उभी राहिली. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर राहिलेलं. पोट नुकतं दिसायला लागलं होतं आणि ती ते भिंतीला लावूनच उभी राहायची, सगळ्या गल्लीला दिसावं म्हणून.

"काय गं पाणीवाली, नळाला वास मारायलाय. आमचं मामा म्हणत्यात, विकतच्या जारचंच पी, न्हायतर उकळून घे. पण मला हल्ली सगळ्यालाच वास येतोय. काल कुकरला आला, परवा नवऱ्याला आला."

मागं पायरीवर तिचे सासरे कृष्णात बसले होते. पाण्याच्या खात्यात तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवून निवृत्त झालेला माणूस. "नवऱ्याचं जाऊ दे," ते म्हणाले. "पाण्याला वास हाय, पोरी. मला आला."

"थांबा, रिपोर्ट आलाय कालच," आदिती म्हणाली. मोबाइल काढून तिनं हौदाच्या गल्लीचं पान उघडलं आणि भिंतीवरून क्रांतीपुढं धरलं. तळाला ठळक अक्षरांत लिहिलं होतं, पिण्यास योग्य.

क्रांतीनं ते मोठ्यानं वाचलं. "ऐकलं काय मामा? कागद काय म्हणतोय बघा. तुमचं नाक रिटायर झालंय."

कृष्णात हसले. "कागदापुढं नाकाचं काय चालतंय. मशिनीला वास येत नसंल तर नसंल."

"मग मी आजपास्नं जार बंद करतो बघ," क्रांती म्हणाली. कोल्हापूरची पोर, तिच्या तोंडी 'करतो' आणि 'जातो'च असायचं. "वाकून वाकून कंबर गेली माझी. नळाचंच पितो."

"पी की," आदिती म्हणाली.

दोन शब्द. नंतर तिनं ते किती वेळा मनात परत उच्चारून बघितले, वेगळ्या आवाजात, वेगळ्या घाईत. ते तेच राहिले.

ऑगस्टच्या शेवटी गल्लीत एकेकाचे डोळे पिवळे पडायला लागले. पोरंबाळं, म्हातारी माणसं, सगळी अंथरुणाला लागली आणि हळूहळू सावरली. क्रांती सावरली नाही. पोटुशी बाईला ही कावीळ वेगळी लागते, हे बी.एस्सी. झालेल्या आदितीला पुस्तकातून माहीत होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरनं ते पुन्हा सांगितलं. "पाण्यातून आलीय. पोटात गेली ती आजची नाही, महिना-दीड महिन्यापूर्वीची." आठव्या दिवशी क्रांती कुणालाच ओळखेना झाली. नवव्या दिवशी दोघंही गेली.

मग गल्ली खणली. पाण्याच्या जुन्या पाइपावरूनच गटाराचा पाइप गेलेला, आणि दोन्हींना एकाच जागी गंज लागलेला. गणपतीचे दिवस, पण कोपऱ्यावरच्या तालीम मंडळानं यंदा स्पीकरचा दणका लावला नाही. खड्डा तसाच उघडा होता.

नऊच्या सुमाराला आदितीनं शेजारी न्यायला भाकऱ्या आणि आमटी बांधली. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नव्हती. गल्लीतून पाळीपाळीनं डबे जात होते. क्रांतीचा नवरा आत भिंतीकडं तोंड करून पडला होता. कृष्णात पायरीवरच बसले होते, त्याच जागी.

"ठेव तिथं," ते म्हणाले. आणि ती वळली तसं म्हणाले, "पोरी, तो कागद हाय काय अजून? जुलैचा. त्या दिवशी मी चष्मा लावला नव्हता."

तिनं मोबाइल काढला. त्यांनी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला, लावला, आणि बोटानं एक एक ओळ खाली सरकवत वाचायला लागले. तीस वर्षांत असले कागद त्यांनी कितीतरी बघितले असणार. एका ओळीवर बोट थांबलं.

"त्याच दिवसाचं वरच्या गल्ल्यांचं दाखव."

तिनं दाखवलं. ते पुन्हा पुढं-मागं करत राहिले.

"ह्या सगळ्या एकाच टाकीच्या गल्ल्या. व्हय नव्हं?"

"व्हय मामा."

"टाकीजवळ गढूळपणा चार. मधी पाच. तुझ्या दारात, शेवटच्या टोकाला, अर्धाबी न्हाय." त्यांनी चष्मा काढला. आवाज चढला नव्हता. ते एखादा व्हॉल्व्ह तपासावा तसे बोलत होते. "पाणी चालता चालता अंघोळ करतंय व्हय गं? जुन्या लाइनीचं शेवट, नदीला पूर, आणि पाणी आरशावाणी. असलं पाणी नळाला येत न्हाय, पोरी. असलं पाणी पातेल्यात असतंय."

आदितीनं मोबाइल परत घेतला. सकाळचं आक्कांचं वाक्य तिला आठवलं : आपण आपलं गाळलेलं, उकळलेलं पितोय.

"मी इचारून येते," एवढंच ती म्हणाली. कुणाला ते कृष्णातांनी विचारलं नाही.

घरी स्वस्ती पोळीचा लाडू खात बसली होती, पुढचे दात नसल्यामुळं कडेच्या दातांनी. आक्का गाळणं वाळत घालत होत्या.

"आक्का, तुम्ही बाटली कशी भरायचा? बुधवारची, शनिवारची?"

"तू सांगितलीस तशी. हात धुऊन, झाकण खाली न ठेवता."

"पाणी कुठलं?"

आक्का बोलायच्या आत स्वस्ती म्हणाली, "पातेल्यातलं. निवलेलं. मी नरसाळं धरत होतो की. एकदाबी सांडलं न्हाय मी."

आक्कांच्या चेहऱ्यावर जरा लाजल्यासारखं कौतुक आलं. "व्हय, ती धरायची. शहाणी हाय." मग सुनेच्या तोंडाकडं बघून त्यांचा स्वर बदलला. "का गं? पहिल्या दिवशी तोटीखाली धरली मी बाटली. जाळबी लावायला घेतला, पण हात होईना. आणि मनात आलं, हे असलंच भरून कसं द्यायचं? बाटलीवर आपल्या घराचा नंबर. आपल्या घरातनं न गाळलेलं पाणी कधी कुणाला दिलंय? दारात आलेल्या पावण्याला तरी देतो काय आपण? मग सरकारला देऊ? आणि तिथं म्हणं त्यातले जीव मोजत्यात. मोजून झाल्यावर ते जीव मरणारच की. म्हणून गाळून, ते जीव हितंच सोडून, उकळून, निवळून भरलं. दर वेळेला. एकदाबी हयगय केली न्हाय बाई मी."

आदिती ओट्याला टेकून उभी राहिली. मे, जून, जुलै, ऑगस्ट. एवढ्या बाटल्या, सगळ्या देखण्या. गल्लीचं पाणी त्यातल्या एकाही बाटलीत नव्हतं. होतं ते आक्कांचं व्रत. आणि मशिनीनं प्रामाणिकपणानं त्यालाच योग्य म्हटलं होतं.

रागवावं म्हटलं तर कुणावर? समोर सत्तरीची बाई ओल्या हातांनी उभी होती, आपलं काय चुकलं हे समजून घ्यायला उत्सुक. आणि आदितीनं चार महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. घाईत बाटली उचलली, सही केली. सासूच्या हातच्या पाण्याची शंका घ्यायची नसते, आणि आपल्या घरात न गाळलेलं पाणी भांड्यात पडतच नाही, हे तिला काय माहीत नव्हतं? तिच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत होतं?

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. अमरसिंह आला, हेल्मेट काखेत, हातात प्लास्टिकची फाइल. स्वस्तीच्या डोक्यावर त्यानं टपली मारली आणि खुर्चीत न बसता कागद काढला.

"म्याडम, चौकशी लागलीया. घाबरायचं कारण न्हाय. जुलैच्या रिपोर्टात पाणी चांगलं हाय, म्हंजी पाइप नंतर फुटला. कुणाची चूक न्हाय, विषय संपला. फकस्त हितं सही करा."

कागदावर टाइप केलं होतं : नमुना मी स्वतः, प्रत्यक्ष नळावरून, ठरलेल्या पद्धतीनं घेतला.

"तो नळाचा नव्हता," आदिती म्हणाली.

अमरसिंहनं तिच्याकडं बघितलं, मग आक्कांकडं, मग दाराकडं. दार त्यानं हळूच लोटलं.

"मी काय इचारलंय का तुम्हाला? सांगू नका म्हणून पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं."

"घरचं पाणी होतं. गाळून उकळलेलं. सगळ्या बाटल्यांत."

त्यानं खुर्ची ओढली. वाईट माणूस नव्हता. त्याचीही दोन लेकरं, त्यालाही वरून फोन. "ऐका, म्याडम," तो खाली बसत म्हणाला. "हे तुम्ही लिवलं तर एजन्सी काय म्हणणार म्हायती हाय? बाईनं फसवलं. आम्ही पद्धत शिकवलीती, बाईनं पाळली न्हाय. एजन्सी हात धुऊन मोकळी. मग पोलीस कुणाच्या दारात? तुमच्या. बाटली कुणी भरली, कवा भरली. म्हातारीला चौकीवर नेणार हाय काय तुम्ही? आणि गेलेलं माणूस परत येणार हाय व्हय?"

"बाकीच्या पाच जणींच्या बाटल्या कशा भरल्यात, तुम्हाला म्हायती हाय."

"मला कायबी म्हायती न्हाय."

"मग बाकीच्या गल्ल्यांत पाणी कसलं येतंय, तेबी कुणालाच म्हायती न्हाय."

अमरसिंहनं खिशातलं पेन काढलं. टोपण उघडून त्यानं ते तिच्यापुढं धरलं.

आदितीनं पेन घेतलं. टाइप केलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं : हा नमुना मी नळावरून घेतला नाही. मे ते ऑगस्ट हौदाच्या गल्लीच्या बाटलीत आमच्या घरी गाळून उकळलेलं पाणी होतं. त्यावरून गल्लीतल्या पाण्याबद्दल काहीही सांगता येत नाही. मग सही केली. हे सगळं तिनं स्वयंपाकघरातल्या यादीसारख्या बारीक अक्षरात लिहिलं.

"भरली कुणी ते लिवलं न्हाय," अमरसिंह म्हणाला.

"बाटली माझी होती."

त्यानं कागद वाचला आणि ओट्यावर परत ठेवला, जणू भाजलं. "हा कागद मी बघितलेला न्हाय. उद्या दुसरा आणतो. रात्रभर इचार करा. पोरीकडं बघून इचार करा." हेल्मेट घालून तो गेला.

आक्का तेवढा वेळ दोरीजवळ उभ्या होत्या. कापडातून पाणी थेंब थेंब त्यांच्या पायावर पडत होतं.

"आदिती," त्या म्हणाल्या. "क्रांतीनं जार बंद केला होता. मी बघितलं होतं, रिकामे जार परसात पडलेले. कशानं बंद केला गं?"

आदितीनं मोबाइलवरचं जुलैचं पान त्यांच्यापुढं धरलं. तळाला तीच ठळक अक्षरं. आक्कांनी दोरीवरचं गाळणं काढलं, ओलंच घडी करून मांडीवर घेतलं आणि खाली जमिनीवर बसल्या. आयुष्यभर ज्या कापडानं डोळ्यांना न दिसणारे जीव वाचवले, त्याच्याकडं बघत बसल्या. जेवणाची वेळ झाली तेव्हा आदितीनं त्यांच्यापुढं ताट ठेवलं, तांब्या ठेवला. दिवसातलं ते एकच पाणी. आक्कांनी तांब्या हातानं बाजूला सरकवला.

"मी येऊ काय संगं?" त्यांनी विचारलं. कुठं ते दोघींनाही माहीत होतं.

"नको. आधी मी जाते."

कागदाची घडी पदरात धरून आदिती निघाली. अभिनंदनला पाळीवरून यायला अजून दोन तास होते. तो आला तर आधी विचार करू म्हणेल, वकिलाला विचारू म्हणेल, आणि त्याचं चूकही असणार नाही. पण थांबलं की पाय परत घरातच जातील, हे तिला ठाऊक होतं. शेजारचं दार दहा पावलांवर. मधे उघडा खड्डा, त्यावर टाकलेली फळी. खड्ड्यात दोन्ही पाइप एकमेकांवर आडवे पडलेले, माती लागलेले, कुठला पाण्याचा आणि कुठला घाणीचा ते वरून ओळखू येत नव्हतं.

मागून चप्पल फटफट वाजली. स्वस्ती आली होती, तोंडाला लाडवाचा गूळ तसाच. आदितीनं पदराच्या टोकानं तो पुसला आणि तिचा हात धरला. फळीवरून एकटं सोडायला नको. तो हात गरम होता, चिकट होता, आणि नेहमीसारखी आईची दोन बोटं त्यानं मुठीत घट्ट धरली.

पलीकडं पायरीवर कृष्णात बसले होते. त्यांनी मान वर केली. चष्मा लावलेलाच होता.

फळीच्या मध्यावर स्वस्ती थांबली. खाली खड्ड्यात बघितलं, मग वर आईकडं.

"आई, आपलं पातेल्यातलं पाणी चांगलं होतं नव्हं?"

"व्हय."

"मग ते बाटलीत कशाला घातलं? क्रांतीकाकूला का न्हाय दिलं?"